शोधणाऱ्याची भाषा : प्रस्तावना

इंग्रजीतला ‘सर्च’ हा शब्द आज मराठी बोलणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ विचारला तर ‘शोधणे’ असे उत्तर येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मुलीसाठी आपण स्थळ ‘पाहतो’ आणि भाड्याची खोली ‘बघतो’. पोलीस घराची ‘झडती’ घेतात आणि गुन्ह्याचा ‘तपास’ करतात. शिकारी जनावराचा ‘माग’ काढतो. अंधारात भिंतीवरचे बटण ‘चाचपावे’ लागते, कागदासाठी जुनी ट्रंक ‘धुंडाळावी’ लागते आणि घर सोडून गेलेल्या पोरासाठी बाप सगळी मुंबई ‘पालथी घालतो’. यांतल्या बऱ्याच जागी इंग्रजी माणसाचे एकाच शब्दावर भागते. मराठीत मात्र कोण शोधतो, काय शोधतो आणि कोणत्या अधिकाराने शोधतो यावर क्रियापद ठरते. ते कसे ठरते हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकासाठी आधी इंग्रजीकडची बाजू सांगितली पाहिजे. ‘सीक’ हा इंग्रजीचा जुना, घरचा शब्द. ‘सर्च’ फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ वर्तुळाकार फिरण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, म्हणजे एखाद्या जागेभोवती फेरी मारून ती पाहणे. म्हणून ‘सर्च’चे कर्म बहुधा जागा असते. घर, खिसा किंवा जंगल ‘सर्च’ करतात, आणि त्या जागेतली वस्तू सांगायची असेल तर पुढे ‘फॉर’ जोडतात. ‘सीक’चे कर्म हवी असलेली गोष्टच असते: न्याय, आश्रय, सल्ला. रोजच्या बोलण्यात या दोहोंऐवजी ‘लुक फॉर’ येते. मराठी शाळेत इंग्रजी शिकताना या तिन्हींसमोर ‘शोधणे’ एवढेच लिहून घेतलेली मुले पुढे ‘आय सर्च्ड माय पेन’ असे लिहितात. मराठीत पेनच शोधले जाते, त्यामुळे वाक्य त्यांना बरोबर वाटते. पेन ज्या दप्तरात असेल ते मराठी माणूस सहसा शोधत नाही. तो दप्तर धुंडाळतो, उपसतो किंवा पालथे घालतो. जागेसाठी एक क्रियापद आणि वस्तूसाठी दुसरे, हा भेद मराठीने बहुधा पाळला आहे. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत मात्र तो क्वचितच सांगितलेला असतो.

खुद्द ‘शोध’ या शब्दाचा पसारा मोठा आहे. शोध ‘घेतला’ तर काम चालू आहे. शोध ‘लागला’ तर वस्तू सापडली. शोध ‘लावला’ तर जगाला नवी गोष्ट कळली किंवा नवे यंत्र मिळाले. इंग्रजीला जिथे तीन-चार वेगळे शब्द लागतात तिथे मराठी नाम एकच ठेवते आणि सोबतचे क्रियापद बदलून अर्थ फिरवते. या शब्दाचे संस्कृत मूळ ‘शुध्’ आहे, शुद्ध होण्याचे. म्हणून धातूचे शोधन म्हणजे त्यातला मळ काढणे आणि मुद्रितशोधन म्हणजे छपाईतल्या चुका काढणे. ‘संशोधन’ हाच शब्द हिंदीत कायद्यातल्या दुरुस्तीसाठी वापरतात, आपण घटनादुरुस्ती म्हणतो आणि संशोधन हा शब्द अभ्यासकासाठी राखतो. लग्नाच्या मुलीच्या बापासाठीही तो राखला होता, कारण मागच्या पिढ्यांत ‘वरसंशोधन’ हा घरोघरी बोलला जाणारा शब्द होता. निके टाकाऊपासून वेगळे करणे ही कल्पना या सर्व उपयोगांच्या तळाशी आहे.

ती जाणून घेतली म्हणजे २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या नावाचे वजन कळते. सत्यशोधक समाज या नावात सत्याच्या मागे जाणे जितके आहे तितकेच सत्यावर चढलेले थर खरवडणेही आहे. हे नाव पुण्यात ठेवले गेले, पण मुंबईच्या गिरण्यांत त्याला हातपाय फुटले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’ मुंबईतून चालवला आणि गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारच्या साप्ताहिक सुट्टीचा हक्क १८९० साली त्यांच्या लढ्यातून मिळाला. परळ-लालबागच्या कामगाराच्या कानावर ‘शोधक’ हा शब्द प्रथम पडला असेल तर तो बहुधा याच चळवळीतून.

शोधणाऱ्यासाठी मराठीने केवळ सुटे शब्द राखले नाहीत, उत्तरपदही राखले. ‘अर्थी’ हे उत्तरपद मागणाऱ्याचे, शोधणाऱ्याचे आहे: विद्यार्थी, शरणार्थी, परमार्थी, स्वार्थी. ज्ञानाच्या ओढीसाठी जिज्ञासू आहे, मोक्षाच्या ओढीसाठी मुमुक्षू. नोकरीच्या शोधात असलेल्याला आपण ‘उमेदवार’ म्हणतो. हा फारसी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांतून ‘उमेदवारी करणे’ म्हणजे जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी काम शिकत राहणे. कामाच्या शोधात बसलेल्या माणसाची सगळी अवस्था या एका शब्दात आहे, आणि ती कोणत्याही शब्दशः भाषांतरात येत नाही.

हे सारे कोशांत कसे नोंदले गेले हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमध्ये श्रीरामपूरला छापला गेला. त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. मुंबईत व्हॅन्स केनेडी यांचा कोश १८२४ साली निघाला. त्यानंतरचे काम मात्र पूर्वीच्या सगळ्यांहून मोठे आहे. मुंबई सरकारच्या आश्रयाने शास्त्रीमंडळाने रचलेला मराठी–मराठी ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ साली आला, आणि जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली. जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू मोल्सवर्थांच्या सोबत होते, आणि शब्दांची पारख करणारे शास्त्री दोन्ही कामांत होते. १८५७ साली मोल्सवर्थांच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात सुमारे ६०,००० शब्द होते आणि सुरुवातीला मराठीच्या घडणीवर डॉ. जॉन विल्सन यांचे विवेचन होते. गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे विल्सन. मोल्सवर्थांना मराठी माणसाने ‘मोलेसरशास्त्री’ हे नाव दिले. परक्या माणसाला शास्त्री म्हणण्याइतकी त्याच्या कामाची ओळख लोकांनी ठेवली होती.

इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ पाहणाऱ्याला खरा उपयोग होता तो उलट दिशेच्या कोशाचा. मोल्सवर्थांनी आरंभलेला आणि टॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १८७३ ची, म्हणजे सत्यशोधक समाजाच्याच वर्षाची. मराठीत विरामचिन्हे रुजवणारे कँडी ते हेच. या परंपरेचा विशेष असा की ती पर्यायांना घाबरत नाही. इंग्रजी शब्दासमोर ती मराठी शब्दांची ओळच्या ओळ मांडते. त्यांत तत्सम आणि देशी शब्द शेजारी शेजारी बसतात, फारसी-अरबी वळणाचे दरबारी शब्दही येतात, आणि नामांपुढे लिंग दिलेले असते. वाचकाने आपल्या प्रसंगाला लागू पडणारा शब्द निवडावा, एवढा विश्वास त्या मांडणीत आहे. मात्र कोणता शब्द कोणत्या प्रसंगाचा हे बहुतेक वेळा ज्याचे त्यानेच जाणायचे असते. ते जाणणारा वाचक तेव्हा होता, कारण कोश वापरणारा साहेब असला तरी शेजारी मुन्शी बसलेला असे.

त्यानंतरचा वाचक मराठीच होता आणि त्याला इंग्रजी शिकायचे होते. बाबा पदमनजी यांनी मोल्सवर्थांचा संक्षेप १८६३ साली काढला तो अशा वाचकाच्या हाती कोश पडावा म्हणून. नीळकंठ बाबाजी रानडे यांचा विसाव्या शतकातला इंग्रजी–मराठी कोश १९१६ साली पूर्ण झाला. इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्या मराठी माणसाला एकेका शब्दाच्या अर्थच्छटा हव्या असतात हे ओळखून केलेले ते काम आहे, आणि भाषांतर करणारे अजून त्याच्याकडे जातात. पुण्यात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यांत बोलीतले आणि जुन्या कागदांतले शब्द आल्यामुळे ‘शोध’च्या कुळातले विसरले गेलेले अनेक सोयरे पुन्हा भेटले.

याच सुमारास शब्दांच्या जातकुळीवरून वाद पेटला. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द दिले आणि ते रुजले. परके शब्द बाहेर काढावेत या आग्रहाला माधव जूलियन यांनी पुढे पाठबळ दिले. १९२५ साली फारसी–मराठी कोश रचणाऱ्या या कवीने १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, म्हणजे फारसीचे ऋण कुणाला ठाऊक नव्हते अशातला हा वाद नव्हता. ‘शोध’च्या कुळावर ही कसोटी लावली तर तलाश आणि उमेदवार परके ठरतात, ‘तपास’ही दरबारी कागदांच्या वाटेने आलेला. तरीही पोलीस ठाण्यात आजही ‘तपासी अंमलदार’च असतो. कायद्याच्या अधिकृत मराठीने त्याच अर्थासाठी ‘अन्वेषण’ स्वीकारले, ते विभागांच्या पाट्यांवर गेले, आणि तपास लोकांच्या तोंडी राहिला. दोन्ही शब्द टिकले कारण दोघांची कामे वेगळी झाली. माझ्या मते या वादाचा निकाल इथे लागतो. शब्दाला जागा कुळावरून मिळत नाही, कामावरून मिळते.

संयुक्त महाराष्ट्र १९६० साली झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि शास्त्रांचे परिभाषा कोश हे त्या घडामोडीचे फळ. परिभाषेत एका इंग्रजी संज्ञेला एकच मराठी संज्ञा लागते, नाहीतर निकालपत्राचे दोन अर्थ निघतील. ही गरज खरी आहे. अडचण उभी राहिली ती परिभाषेची शिस्त शाळेच्या कोशांत शिरल्यामुळे. एका शब्दासमोर एक शब्द, फार तर दोन. परीक्षेपुरते ते सोयीचे झाले, आणि कँडींच्या त्या लांब ओळीवर विसंबणारा वाचक पिढीगणिक कमी झाला.

आता कोशांच्या बाहेर येऊन परळ आणि लालबागकडे पाहू. मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरणगाव उभे राहिले. तिथे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, आणि ती आपापले क्रियापद घेऊन आली. मालवणी माणूस ‘सोदूक’ जातो. सातारा-कोल्हापूरचा माणूस ‘हुडकतो’, आणि त्याच्या हुडकण्याचे सख्खे भावंड कन्नडमध्ये ‘हुडुकु’ म्हणून आहे. गिरगावातल्या चाळीत ‘शोधतो’ हेच चालते. या तिघांची कामाची जागा एकच, पण एकमेकांच्या शब्दाला हसता हसता प्रत्येकजण तो शिकत गेला. मुंबईची मराठी अशी घडली.

गिरणीचे फाटक ही शोधाच्या शब्दांसाठी फार मोलाची जागा आहे. सकाळच्या पाळीच्या भोंग्याला बदली कामगार तिथे उभा राही. तो ‘काम शोधायला’ आलो असे म्हणत नसे. तो ‘बदली लागते का बघायला’ आलेला असे. काम लागणे ही घटना त्याच्या हातात नव्हती, ती कामगार नेमणाऱ्या जॉबरच्या हातात होती, म्हणून वाक्यातला कर्ताही तो नव्हता. पाळी सुटली की त्याच फाटकावर कापड नेत नाही ना म्हणून अंगाची झडती होई. ‘झडती’ हा झाडण्यातून आलेला शब्द आहे. झडती घेणाऱ्याकडे अधिकार असतो आणि देणाऱ्याला नकार देता येत नाही. सकाळचे ‘बघणे’ आणि संध्याकाळची ‘झडती’ दोन्ही इंग्रजीत ‘सर्च’च्या छत्राखाली मावतील. मराठीत त्यांच्यात मालक आणि कामगार यांच्यातले सगळे अंतर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर ज्यांचे काम परत आले नाही त्यांच्या घरांत ‘काहीतरी बघायला पाहिजे’ हे वाक्य वर्षानुवर्षे बोलले गेले. त्या ‘बघणे’चा अर्थ कोणत्याही शालेय कोशात नाही.

गिरगाव आणि दादरने या शब्दांना छापील रूप दिले. खाडिलकरांनी १९२३ साली काढलेल्या ‘नवाकाळ’पासून पुढच्या सगळ्या मराठी दैनिकांपर्यंत छोट्या जाहिरातींचा मथळा एकच राहिला: ‘पाहिजे’. शिपाई पाहिजे, वधू पाहिजे, जागा पाहिजे. हे ‘पाहणे’चेच रूप. पाहणे, हवे असणे आणि शोधात असणे हे तिन्ही अर्थ मराठीने एका शब्दात गुंफले आहेत. साहित्यानेही हे भांडार वाढवले. भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’मध्ये नाक्यावरच्या पोरांची बोली जशीच्या तशी छापली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. मुंबईतल्या गोलपिठा वस्तीतले शब्द पांढरपेशा वाचकाच्या कोशात नव्हते, म्हणून अनुभवी नाटककाराने वाचकाच्या आणि कवितेच्या मध्ये उभे राहणे गरजेचे होते. कोश कुठे थांबतो हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

हे सर्व सांभाळणाऱ्या संस्थाही याच पट्ट्यात आहेत. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आज दादरला आहे, आणि त्याच्या छायेत १९४८ साली मराठी संशोधन मंडळ सुरू झाले. अ. का. प्रियोळकर यांनी तिथे बसून जुन्या पोथ्यांचे पाठ पारखले आणि भारतातल्या मुद्रणकलेचा इतिहास लिहिला. त्यांच्या कामात संशोधनाचे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात, शोधणेही आणि शुद्ध करणेही.

हा विषय आजच का मांडायचा? कारण मराठी माणसाच्या हाताशी आलेले सर्वांत मोठे साधन एका चौकटीत बसले आहे आणि तिच्यावर ‘शोधा’ असे लिहिलेले आहे. मुले ‘सर्च मार’ म्हणतात. त्यात वाईट काही नाही, भाषा नव्या कामाला नवे क्रियापद घडवतेच. धोका दुसरीकडे आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात झडती, तपास, चौकशी, माग, धांडोळा या सर्वांच्या जागी सरसकट ‘शोध’ येऊ लागला आहे, आणि बातम्या, सूचना, अर्ज यांतून ते मराठी आपल्यापर्यंत परत येते. पोलिसांनी घरात ‘शोध घेतला’ असे छापले की अधिकाराचा उल्लेखच गळून जातो. शब्द गेला की त्याने धरून ठेवलेला भेदही जातो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आज संगणकावर सर्वांना खुले आहेत. पूर्वी ज्यासाठी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसावे लागे ते आता लालबागच्या खोलीत हातातल्या फोनवर पाहता येते. साधन आले आहे, पण ते वापरण्याची सवय अजून लागायची आहे.

या पुस्तकात शब्द वर्णानुक्रमे लावलेले नाहीत, प्रसंगाने लावले आहेत: घरातला शोध, कामाचा शोध, जोडीदाराचा शोध, गुन्ह्याचा शोध, हरवलेल्याचा शोध, ज्ञानाचा आणि देवाचा शोध. प्रत्येक शब्दाला चार प्रश्न विचारले आहेत. शोधणारा कोण, त्याला हवे काय, त्याचा अधिकार किती, आणि शोधण्यात सापडणे गृहीत आहे की नाही. ‘शोधत होतो’ आणि ‘शोधून काढले’ यांच्यातला फरक चौथ्या प्रश्नातून उलगडतो. आधार तीन ठिकाणांहून घेतला आहे: कोश, छापील गद्य आणि गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात बोलली जाणारी मराठी. व्युत्पत्ती जिथे पक्की आहे तिथेच दिली आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि गोवा यांचे शब्द इथे ओझरते येतात. त्यांच्यासाठी तिथल्याच कुणीतरी स्वतंत्र पुस्तक लिहावे, ते काम दादरला बसून होणारे नाही.

हे पुस्तक भाषांतरकारांना, शिक्षकांना आणि वार्ताहरांना उपयोगी पडावे अशी इच्छा आहे. त्यांच्याइतकेच ते मराठी घरात वाढलेल्या आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी आहे. त्यांना शब्द कमी येतात हा त्यांचा दोष नाही, ते शब्द त्यांच्यासमोर कुणी वापरले नाहीत. वाचकांना माझे एकच मागणे आहे. आपल्या घरातली वडीलधारी माणसे शोधण्यासाठी जे शब्द वापरतात ते लिहून ठेवा. नुसता अर्थ लिहू नका. तो शब्द कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणाले तेही लिहा. मोल्सवर्थांनी आणि त्यांच्या शास्त्र्यांनी माणसांना विचारूनच कोश भरला होता. पुढचा कोश भरायचा असेल तर आपल्यालाही तसेच करावे लागेल.